निळ्या खुणेची भीती

सर कधी ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो, कारण मनातल्या मनात त्याला उलट बोलून आपणही मोकळे होतो. सर फक्त विचारायचे, "पाहिलंस?" आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. काचा दोनच, पण त्या पुसून होईपर्यंत मी केलेलं सगळं काम मनात पुन्हा तपासून झालेलं असायचं. त्याला आता काही वर्षं झाली. मी आज दुसऱ्या शहरात, दुसऱ्या ऑफिसात हेच काम करते. तरी कोणी सहज जरी "पाहिलंस का?" म्हटलं, अगदी सिनेमाबद्दल विचारलं, तरी मी आधी खरंच पाहिलंय का ते आठवते.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. कॉलेजने सांगितलं होतं की सुट्टीत दोन महिने कुठेतरी हिशेबाचं काम शिकून त्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर मार्क विसरा. आम्ही घोटीचे. माझे वडील, म्हणजे अण्णा, बाजारपेठेत टेलर. आमच्या घरात हिशेब म्हणजे कापडाच्या मापाच्या वहीच्या मागच्या पानावरचे चार आकडे. कॉलेजमधल्या एका बाईंच्या ओळखीने नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका सी.ए. मॅडमच्या ऑफिसात मला जागा मिळाली. मी नवा ड्रेस घालून, लॅपटॉप नसलेली लॅपटॉपची बॅग घेऊन, सकाळच्या एस.टी.ने गेले. मॅडमनी दोन मिनिटं हसून विचारपूस केली आणि म्हणाल्या, "तू सरांकडे काम करशील." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच मायेने पाहिलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सर सी.ए. नव्हते. मॅडमच्या वडिलांच्या काळापासून ते ऑफिसात होते आणि ताळेबंद कशाशी खातात ते मॅडमसुद्धा त्यांच्याकडेच शिकल्या होत्या. बुटके, सडपातळ, पांढरा हाफ शर्ट, पायात करकरणारी चप्पल. खिशात पेन नाही, एक पेन्सिल, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. शाळेजवळच्या कुठल्याही दुकानात मिळते तसली. रोज सकाळी ते घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर ब्लेडने तिची दोन्ही टोकं तासायचे आणि साल काडेपेटीत भरून ठेवायचे. ती साल पुढे कुठे जायची हे कोणालाच माहीत नव्हतं आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्या पेन्सिलीचा कायदा असा. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापुढे निळी खूण, आणि शेजारी कुठे पाहिलं ते बारीक अक्षरात लिहायचं. जे कोणी सांगितलं त्याच्यापुढे लाल खूण, आणि शेजारी कोणी सांगितलं ते लिहायचं. तिसरा रंग नाही. कोरं सोडायचं नाही. खोडरबर तर ऑफिसात आणायचंच नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून पुढे नवी खूण करायची, म्हणजे आधी काय चुकलं होतं तेही दिसतं.

"लाल म्हणजे खोटं नव्हे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "लाल म्हणजे ऐकीव. जग बहुतेक लालच असतं. त्यात कमीपणा नाही. पण लालला निळं म्हणायचं नाही."

मग त्यांनी मला ऑफिसातल्या खुर्च्या मोजून यायला सांगितलं. मी दोनदा फिरले, टेबलाखाली ढकललेल्या खुर्च्याही वाकून पाहिल्या, जागेवर येऊन बसले आणि कागदावर सोळा लिहून निळी खूण केली. मला वाटलं, हे काय पोरखेळ चाललेत.

"पाहिलंस?"

"हो सर. सोळा."

चष्मा पुसला गेला. मग म्हणाले, "आणि तू बसली आहेस ती?"

मी ताडकन उठले. खाली सतरावी खुर्ची होती. समोरच्या टेबलावर, सी.ए. होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी मयूरी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून हसत होती. सर हसले नाहीत. त्यांनी आडवी रेघ मारायला लावली आणि पुढे नवी खूण करून घेतली. तो खुर्च्यांचा कागदही त्यांनी फाइलला लावला.

सर घरातलं जगही असंच रंगवत असतील, अशी आमची थट्टा चालायची. ती निव्वळ थट्टाही नव्हती. वर्तमानपत्र वाचताना पेन्सिल हातात असायची आणि अख्खा अंक लाल व्हायचा. एकदा मात्र एका बातमीपुढे निळी खूण दिसली. पंचवटीत आदल्या दिवशी चार तास वीज गेल्याची बातमी होती, आणि सर पंचवटीतच राहायचे. डबा उघडण्याआधी मयूरीने विचारलं, "सर, आज काय भाजी?" तर म्हणायचे, "मेथी. लाल." कारण बायकोने सांगितलं होतं, डबा अजून उघडलेला नव्हता. उघडल्यावर मान हलवून जेवायला लागायचे. मयूरीच्या भावाच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या टेबलावर महिनाभर लाल खुणेसकट पडून होती. लग्नाला जाऊन आल्यावर सोमवारी त्यांनी तिच्यावर निळी खूण केली, शेजारी "देवळाली कॅम्प, हॉल, स्वतः हजर" असं लिहिलं, आणि मगच ती ड्रॉवरमध्ये गेली.

या सगळ्याला हसायचं ते सर जागेवर नसताना. ते समोर असले की माझी बोलतीच बंद. त्यात मयूरीने मला गेल्या वर्षीच्या एका मुलाची गोष्ट सांगितली होती. तोही माझ्यासारखाच सुट्टीत आलेला. एका दुकानातला माल न मोजता त्याने निळ्या खुणा करून टाकल्या. सरांना कळलं. उठले, दाराजवळच्या फळीवर सगळ्यांच्या बॅगा ठेवलेल्या असतात तिथे गेले, त्याची बॅग काढली आणि आणून त्याच्या टेबलावर ठेवली. बस्स. तो मुलगा बॅग उचलून गेला. त्याला सर्टिफिकेट मिळालं नाही.

तेव्हापासून सर उठून दाराकडे निघाले की माझी नजर त्या फळीवर जायची. पाणी प्यायला गेले तरी. माझ्या बॅगेत डबा, छत्री आणि परतीच्या पासाशिवाय काही नव्हतं, पण ती बॅग त्यांच्या हातात दिसली तर पुढचं सगळं मला पाठ होतं. सर्टिफिकेट गेलं की मार्क गेले, मार्क गेले की वर्ष लटकलं, आणि अण्णांनी गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी नाशकात सी.ए.कडे असते.

सरांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटायची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिना उघडा, एका बाजूला नुसता लोखंडी कठडा. सर नेहमी भिंतीच्या बाजूने, भिंतीला हात लावत चढायचे. समोरून कोणी आलं तरी बाजू सोडायचे नाहीत, समोरच्यानेच वळसा घ्यायचा. गॅलरीत आम्ही सगळे फोनवर बोलायला जायचो, सर कधीच नाही. मला वाटायचं, केवढा हा तोरा.

मे महिन्याच्या शेवटी त्यांनी मला एकटीला कामावर पाठवलं. घोटीतल्या एका भाताच्या मिलने बँकेकडून कर्ज घेतलं होतं, गोडाऊनमधला माल तारण ठेवून. तो माल खरंच जागेवर आहे का ते आमच्या ऑफिसने पाहून कळवायचं होतं. "गाव तुझंच आहे," सर म्हणाले. "येण्याजाण्याचा वेळ वाचेल. पण लक्षात ठेव, थप्पी वरून मोजायची. पुढून मोजायची नाही. मधे पोकळ ठेवून कडेने पोती रचली तर पुढून काही कळत नाही. फोटो काढू नकोस, फोटोतही पुढचंच येतं. वर चढ, ओळी मोज, मग खूण कर." कागदाच्या तळाशी नेहमीचं वाक्य छापलेलं होतं: वरील निळ्या खुणांचा माल मी स्वतः पाहिला आहे. खाली माझी सही, तिच्याखाली सरांची, आणि सर्वांत शेवटी मॅडमची. मॅडमची सही झाली की कागद बँकेत.

गोडाऊन हायवेला लागून आहे. लहानपणापासून येता-जाता पाहिलेलं, पण आत कधी गेले नव्हते. मिलचे मॅनेजरकाका दारातच म्हणाले, "अरे, तू तर टेलर अण्णांची मुलगी ना? ये, ये. हा शर्ट बघ, तुझ्या बापानं शिवलेला हाय." पंखा लावला, चहा आला, बिस्किटं आली. मी ऑडिटला आलेय की पाहुणी म्हणून, तेच मला कळेना.

गोडाऊनमध्ये भाताच्या पोत्यांच्या पाच थप्प्या होत्या. चार आणि पाच मोकळ्यात होत्या, त्यांच्या चारही बाजूंनी फिरता यायचं. त्या मी नीट मोजल्या, चारवर तर चढलेही. पण एक, दोन आणि तीन भिंतीला लागून, एकमेकींना चिकटून, पत्र्यापर्यंत गेलेल्या. पुढून दिसत होतं ते एवढंच: रुंदीला आठ पोती, उंचीला सोळा थर. आत किती ओळी, ते वर गेल्याशिवाय दिसणार नव्हतं. मी वर पाहिलं. पत्रा तापून धग मारत होता आणि तिसऱ्या थप्पीच्या कडेला पायऱ्यांसारखी रचलेली पोती मला काही मजबूत दिसेनात.

मी ओढणी कमरेला बांधायला लागले तेव्हा मॅनेजरकाका म्हणाले, "ताई, कशाला वर चढती? लय धूळ हे वर. मागं सहा-सहा ओळी हायेत, मी सांगतो ना."

"नाही काका, वरून पाहावं लागतं."

ते हसले, पण तोंड उतरलं. "म्हंजे आमच्यावर विश्वास नाय? अण्णांला मी वीस वर्षं ओळखतो. त्यांच्या पोरीनं आमची पोती हुडकून बघायची?"

एवढ्यावर मी अडकले. परका माणूस असता तर चढले असते. पण बापाच्या वयाचा, बापाच्या ओळखीचा माणूस, त्याचा चहा घशाखाली उतरलेला, त्याला तोंडावर कसं म्हणायचं की तुमचं खरं असेल पण मला पाहायचंय? मला भीड पडली. त्या भिडेत चढायची भीतीही सोयीने लपून गेली. तेव्हाही मी लाल खूण करू शकत होते, शेजारी "मॅनेजर यांनी सांगितले" असं लिहून. त्यात काही कमीपणा नव्हता, सरांनीच सांगितलं होतं. पण तीन लाल खुणा पाहून सर विचारणार, का नाही चढलीस? त्याला काय उत्तर देऊ? मी आठ गुणिले सोळा गुणिले सहा केलं, तिन्ही थप्प्यांपुढे निळी खूण केली, शेजारी "गोडाऊन, वरून" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सही बरी आली.

ही गोष्ट सोमवारची. मंगळवारी कागद सरांच्या टेबलावर गेला. त्यांच्याकडे फाइलींचा गठ्ठा असायचा आणि ते वरून खाली, क्रमाने जायचे. मी मोजलं, माझ्या फाइलच्या वर पाच फाइली होत्या. संध्याकाळी तीन राहिल्या. बुधवारी दुपारी सरांनी माझी फाइल उघडली. मी टॅलीच्या स्क्रीनकडे पाहत होते आणि मला एक आकडा दिसत नव्हता.

"ही एक ते तीन. पाहिलंस?"

"हो सर."

"वरून?"

"हो सर."

चष्मा पुसणं सुरू झालं. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज. मग चष्मा डोळ्यांवर गेला, फाइल मिटली आणि उजवीकडच्या गठ्ठ्यात ठेवली गेली. तो गठ्ठा सरांच्या सहीचा. गुरुवारी संध्याकाळी सर सह्या करायचे आणि शुक्रवारी मॅडम.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिथून खरी भीती सुरू झाली. आतापर्यंत मी कागदावर खोटं लिहिलं होतं, आता तोंडाने बोलले होते. आणि सरांनी ते मानलं होतं! बसमध्ये डोक्यात नुसत्या पोकळ थप्प्या. काका गोड बोलले ते सहज की मुद्दाम? मला चढू का दिलं नाही? आत माल नसला तर बँक मॅडमना धरणार, मॅडम सरांना विचारणार, आणि सरांच्या सहीच्या वर माझी सही. अण्णांनी जेवताना विचारलं, "काय गं, चेहरा का उतरलाय? सर बोलले का काही?" मी म्हटलं, "ऊन लागलं." तेही खोटंच.

गुरुवारी सकाळी माझी बस त्या गोडाऊनवरून गेली. दार सताड उघडं होतं, बाहेर ट्रक लागला होता आणि हमाल पोती पाठीवर घेऊन ट्रककडे चालले होते. माल निघाला. म्हणजे उद्या जाऊन पाहायचं म्हटलं तरी काय होतं आणि काय नव्हतं ते कोणालाच कळणार नाही. नाशिक येईपर्यंत मी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले होते. बस पंक्चर होऊन आज ऑफिसात पोचूच नये, असंही एकदा मनात आलं.

सर पेन्सिल तासत होते. मी उभी राहिले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, "सर, मी वर चढले नव्हते."

ब्लेड थांबलं.

"एक, दोन, तीन. मी पाहिलं नाही. काकांनी सांगितलं, मी निळी केली. काल तुम्हाला हो म्हटलं तेही खोटं. आणि सर, आज सकाळी तिथे ट्रक लागलाय."

मयूरीने टायपिंग थांबवलं. सरांनी साल काडेपेटीत भरली, काडेपेटी मिटली, वर्तमानपत्राची घडी केली. मग ते उठले आणि दाराकडे निघाले. फळीपाशी थांबले. माझी बॅग काढली. माझे डोळे भरून आले, पण मी रडले नाही, रडायचीही भीती वाटत होती. सर बॅग घेऊन आले आणि ती माझ्या हातात दिली.

"घोटीची बस किती वाजता आहे?"

मला कळेचना. "सर?"

"तू रोज जातेस ना? किती वाजता?"

मॅडम गाडी देत होत्या, सरांनी घेतली नाही. गाडी दुरून दिसते, म्हणाले. बसमध्ये त्यांनी दोन तिकिटं काढली. मी पैसे पुढे केले तर नुसती मान हलवली. पाऊण तासाच्या वर प्रवास, आणि ते एक अक्षर बोलले नाहीत. मी खिडकीकडे, ते समोर. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी उपकार मानले असते. एकदाच बोलले, "चूक माझीही आहे. गावातल्या मुलीला गावात पाठवायला नको होतं."

मॅनेजरकाका आम्हाला पाहून गडबडले. "ताई, काय झालं? सोमवारी तर बघून गेली तू." सरांनी नमस्कार केला, चहाला नको म्हणाले, ट्रकचं बिल मागितलं. चाळीस पोती विकली होती, बिल बरोबर होतं. सरांनी त्यापुढे निळी खूण केली आणि चप्पल काढून तिसऱ्या थप्पीपाशी गेले.

ते चढायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. प्रत्येक पोत्यावर ते दोन्ही पाय ठेवून थांबत होते. हाताची बोटं गोणपाटात रुतत होती. एका पायरीवर तर इतका वेळ थांबले की काका म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या की." ते मागे फिरले नाहीत. त्यांच्यामागून मी चढले. वर पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होतं, भाताच्या तुसाने नाक चोंदलं. सर गुडघ्यांवर रांगत होते. प्रत्येक ओळीच्या फटीत हात खांद्यापर्यंत घालून चाचपत होते. थप्पी तीन, सहा ओळी. थप्पी दोन, सहा ओळी. मी त्यांच्या शेजारी रांगत मोठ्याने मोजत होते आणि प्रत्येक ओळीला देवाचं नाव घेत होते. थप्पी एक, चाळीस पोती कमी आणि बाकी सहा ओळी. सगळं भरलेलं. कुठे वीतभरही पोकळी नव्हती.

"बघा, मी म्हनलो होतो ना!" काका खालून ओरडले.

मला हसूच फुटलं. मी म्हटलं, "सर, सगळं बरोबर निघालं!"

सर पोत्यावर बसून दम खात होते. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पोती जागेवर होती. तू नव्हतीस."

माझं हसू तिथेच जिरलं.

त्यांनी वरच बसून नवीन कागदावर खुणा करून घेतल्या, माझ्या हाताने. मग आम्ही उतरायला पुन्हा तिसऱ्या थप्पीच्या कडेशी आलो. सरांनी एकदा खाली पाहिलं आणि मागे सरकले. पुन्हा कडेशी आले, पुन्हा मागे सरकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला उंची सोसत नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून. चढताना वर बघतो, चालतं. उतरताना..."

मला एकदम ऑफिसचा जिना आठवला आणि तो भिंतीवरचा हात. हा माणूस इतकी वर्षं थप्प्यांवर चढत होता, आणि दर वेळी याची अशी गाळण उडत होती. ज्याला पाहून आम्ही चळाचळा कापायचो, तो माझ्यासमोर पोत्याची शिवण धरून बसला होता. मला त्यांची दया आली नाही, मला अजूनच भीती वाटली. आता हे पडले तर?

मी आधी दोन पायऱ्या उतरले. त्यांना भिंतीकडे तोंड करून वळायला सांगितलं. म्हणजे खाली काय आहे ते त्यांना दिसणार नव्हतं, मलाच दिसणार होतं.

"सर, डावा पाय खाली सोडा. अजून थोडा. पोतं आहे."

पाय हवेत थांबला.

"पाहिलंस?"

नेहमीचाच शब्द, पण आवाज चिरकलेला. तो प्रश्न मला तपासायला नव्हता.

"हो सर. पाहिलं. हात लावून पाहिलं. ठेवा."

त्यांनी पाय ठेवला. मी त्यांचा घोटा धरून ठेवला होता. मग उजवा. पुन्हा "पाहिलंस?", पुन्हा "पाहिलं सर." प्रत्येक पोत्यावर मी आधी स्वतः उभी राहून पाहत होते, हलत नाही ना, शिवण उसवली नाही ना, आणि मगच सांगत होते. सोळा थर उतरायला किती वेळ गेला कोण जाणे. जमिनीला पाय लागल्यावर त्यांनी चष्मा काढला, पण पुसायला शर्टाचं कोरडं टोकच सापडेना, सगळा घामाने भिजला होता. काकांनी आणलेलं पाणी ते दोन ग्लास प्यायले.

परतीच्या बसला मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. "उद्या वेळेवर ये," एवढंच म्हणाले आणि चढले. त्या वाक्याचा अर्थ लावत मी घरी गेले.

सोमवारचा कागद त्यांनी फाडला नाही. आडवी रेघ मारून, नव्या कागदाच्या मागे जोडून ठेवला. ऑफिसात पुन्हा तो विषय काढला नाही. उरलेले दिवस मी काम केलं, पण मला सर्टिफिकेट मिळणार की नाही हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. रोज वाटायचं, आज बोलतील. आज फळीकडे जातील.

शेवटच्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावून सर्टिफिकेट दिलं. छापील, सही-शिक्क्यासकट, स्वच्छ. वक्तशीर, मेहनती, प्रामाणिक, विश्वासू, असे चार शब्द सगळ्यांनाच देतात तसे. माझा जीव भांड्यात पडला. सही करून घेण्यासाठी मॅडमनी ऑफिसची प्रत पुढे केली. "ही आमच्या फाइलला राहते," त्या म्हणाल्या. "सरांनी तपासलेली आहे."

त्या प्रतीवर खुणा होत्या. मला खाली पाहवेना. पेन हातात घेऊन मी तशीच बसले, शेवटी मॅडम म्हणाल्या, "अगं, कर सही."

वक्तशीर, निळी खूण: हजेरीपत्रक. मेहनती, निळी खूण: ऑफिसात, रोज. प्रामाणिक यापुढे लाल खूण होती. शेजारी बारीक अक्षरात, "तिने स्वतः सांगितले, गुरुवार."

आणि विश्वासू यापुढे निळी. शेजारी लिहिलं होतं, "थप्पी क्रमांक तीन, उतरताना."